मागची सीट

हेमाताई भाच्याचा डबा घेऊन नारायण पेठेत पोचल्या, तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि दुकानांची शटरं खाली येत होती. ऊन मी म्हणत होतं. निळ्या ठिपक्यांचा स्कार्फ त्यांनी डोळ्यांपर्यंत गुंडाळला होता. नवऱ्याची, श्यामरावांची, स्कूटर विकून वर्ष झालं, तरी स्कार्फ काही सुटला नव्हता. चालताना तो कशाला, असं कोणी विचारलंच तर त्या म्हणत, "ऊन काय स्कूटर बघून पडतं?"

भाचा सौमित्र दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम तयार करत होता. शर्यत कुठे, तर थेट पुण्याच्या पेठांमधून. दुसऱ्या दिवशी तो एका मोठ्या कंपनीला दाखवायचा होता. आत्याइतक्या चुका कोणी काढत नाही, म्हणून तपासायचं काम त्याने आत्यावरच सोपवलं होतं. आठवडाभरात हेमाताई त्यात चांगल्याच तरबेज झाल्या होत्या. श्यामराव गेल्यापासून दुपार खायला उठायची, ती आता बरी सरत होती.

"गाडीचा आवाज झकास जमलाय," पडद्यापुढच्या स्टिअरिंगच्या चाकामागे बसत त्या म्हणाल्या. "वळणावर चाक हातात थरथरतं, तेही खरं वाटतं. पण सिग्नलला सगळे थांबतात. कुठल्या गावचे आहेत हे? आणि रस्त्यात एक खड्डा नाही."

"ते करतो. तू खेळत राहा, मी जेवतो," असं म्हणून सौमित्र डबा घेऊन आतल्या खोलीत गेला.

खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली. खालचा रस्ता झोपला होता. पडद्यावरही दुपारच होती. हेमाताईंची लाल गाडी भरधाव निघाली आणि पत्र्या मारुतीच्या देवळाजवळ त्यांच्यापुढे एक पिवळट स्कूटर आली. स्कूटरवाल्याने उजवा हात सोडला, कपाळाला लावला, मग छातीला. स्कूटरने गचका खाल्ला आणि पुन्हा चालू लागली.

हेमाताईंचा पाय ब्रेकवर गेला.

श्यामराव नमस्कार उजव्याच हाताने करायचे. डाव्याने देवाला नमस्कार करतात होय, असं म्हणायचे. उजवा हात सुटला की अ‍ॅक्सिलरेटर सुटे, आणि पुण्यातल्या प्रत्येक मारुतीपुढे स्कूटर असाच गचका खाई. "दोन्ही हात हँडलवर ठेवा, मारुती समजून घेईल," हेमाताई मागून ओरडत. "तू धरलंयस ना मला? मग झालं तर," हे ठरलेलं उत्तर. दोन वर्षांपूर्वी ते स्कूटर स्टँडला लावून तिच्यावर बसल्या जागीच गेले. त्या दिवशी मागे कोणी नव्हतं.

"सौमित्र, नमस्कार करणारा माणूस घातलायस का रे?"

"छे. ट्रॅफिकमधल्यांचे हात हँडलला चिकटलेलेच आहेत, सुटणारच नाहीत." तो दारात आला. "का? दिसला कोणी? बग असेल. दाखव, आत्ता उडवतो त्याला."

हेमाताईंनी चाक घट्ट धरलं. माणूस एकदा गेला तो गेला, आता पुन्हा आपल्याच हाताने घालवायचा?

"नाही... उन्हातून आले ना. भास झाला असेल."

तो आत गेल्यावर त्यांनी गाडी पुन्हा त्याच रस्त्याला घातली. स्कूटर तिथेच कडेला उभी होती, जणू कोणाची वाट पाहत. आता खोलीत पेट्रोलचा वास येत होता. पाठ ओळखीची होती, खांदा किंचित डावीकडे झुकलेला.

"अहो..." त्या हळूच म्हणाल्या.

स्कूटरवाला वळला नाही. त्याने हात मागे नेला आणि मागच्या सीटवर दोनदा थोपटलं. चल, बस. निघायला उशीर झाला की घरासमोर ते असंच थोपटायचे. हेमाताईंचे डोळे भरून आले, आणि भीती वाटायच्या ऐवजी त्यांना फार, फार बरं वाटलं.

सौमित्र हात पुसत आला. "आणखी काही उणं?"

नमस्काराचं त्यांनी पोटात ठेवलं. पण दिसलेली चूक गिळायची म्हणजे त्यांच्या जिवावर येई. शेवटी त्या बोलून गेल्याच.

"स्कूटरवर सगळे एकेकटे. मागच्या सीटवर माणूसच नाही. पुण्यात असं असतं का?"

"खरंय. पण ते करायला महिना जाईल गं. उद्यासाठी असंच चालवू."

"चालवा."

तो आपल्या कामाला लागला. निघण्यापूर्वी हेमाताईंनी शेवटची एक फेरी मारली. पत्र्या मारुती आला. स्कूटर आली. उजवा हात सुटला, स्कूटरने गचका खाल्ला, आणि मागे बसलेल्या बाईने पुढच्याची कंबर घट्ट धरली.

मागे बाई होती. डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेली. निळ्या ठिपक्यांचा.

"सौमित्र... मागे माणूस बसवलास?"

"आत्या, महिना लागेल म्हटलं ना," तो मान वर न करता म्हणाला.

पडद्यावरची बाई हळूहळू मागे वळू लागली. हेमाताईंनी तिचे डोळे दिसायच्या आत पडदा बंद केला. भीती वाटली का? वाटली, थोडी. पण त्या कंबरेला धरलेल्या हातांचा हेवाच जास्त वाटला. आता उजवा हात खुशाल सोडू देत, असं त्यांच्या मनात आलं.

खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्कार्फ त्यांनी उचलला. आल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. त्याला पेट्रोलचा ताजा वास होता, आणि नाकातोंडावर येतो तेवढा भाग श्वासाने ओला झाला होता.

"येते रे," त्या म्हणाल्या.

"रिक्षा बोलावू का?"

हेमाताईंनी कान दिला. खाली, बंद शटरांच्या रस्त्यावर, कोणीतरी सीटवर दोनदा थोपटलं.

"नको," स्कार्फ बांधत त्या म्हणाल्या.