मिक्सर लावायच्या आधी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. मी शपथा घालत बसणार नाही, पण हे माझ्याच आईबापाच्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

सुरत, पांडेसरा. यंदाचा उन्हाळा. आणि रात्र नाही... भर दुपार.

आमचे आण्णा आयुष्यभर कपडा रंगवायच्या मिलमध्ये होते. शेवटी फुप्फुसं गेली. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं, भाड्याचं.

खोलीमालकानं दिलेली लाइन इतकी बारीक, की मशीनसोबत मिक्सर लावला की एमसीबी पडायचा. मग सगळंच बंद. मशीनसुद्धा.

आण्णांना तर आईच्या हातचा काळा मसालाच लागायचा. म्हणून आई, सरलाबाई, आधी ओट्यापासून विचारायची, "लाऊ का?"

आण्णा स्वतः मशीन बंद करायचे. हातातलं कडं खाटेच्या पाइपवर वाजवायचे.

टक... टक.

म्हणजे लाव. मसाला वाटून होईपर्यंत ते धापा टाकत बसायचे. वर चेष्टा, "तुनी मिरची खाईसन बॉयलर बी पेटी जाई!"

होळीनंतर ते गेले. मशीन परत गेलं. कडं आईनं पेटीत ठेवलं.

तेरावं उरकल्यावर मी भाजी करायला घेतली. मिक्सरचं बटण दाबलं.

खट्ट...

एमसीबी पडला. वर केला, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खट्ट.

शेजारचे वाल्मिकदादा वायरमन आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी घरातलं एकूण एक बटण बंद केलं, तारेला मीटर लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"योगिता, लाइनवर अजून एक मशीन चालूय. कुठंय ते?"

मी खाटेकडे बघितलं. खाटेशेजारचा प्लग रिकामा होता.

दादांनी सामान उचललं. चहालाही थांबले नाहीत.

आई उठून ओट्याशी आली. एमसीबी वर केला. सवयीनं म्हणाली, "लाऊ का?"

काहीच नाही.

मग... टक... टक.

तिनं बटण दाबलं. मिक्सर नीट सुरू झाला. पण त्याच्या आवाजाखाली... खाटेकडून धाप ऐकू येत होती. अडकत, तुटत येणारी. ती मला पाठ होती हो.

आईनं झटक्यात मिक्सर बंद केला. भांडं छातीशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.

"कसाले बंद कयं वो मशीन? आते तरी दम ल्या ना..."

मिक्सर आता माळ्यावर आहे. आई पाट्यावर वाटते. गुडघे धरतात, पण ऐकत नाही. नवी लाइन घेऊ म्हटलं, तर नुसती नको म्हणून मान हलवते.

परवा आईकडे गेले होते. घाईत मी इस्त्री लावायला घेतली.

आई पाट्यावरूनच ओरडली, "नको लावू बेटा! त्यास्ले दम लागस."

मी प्लग काढला.

खाटेकडून... कुणीतरी सावकाश, खोल श्वास घेतला.

मी वळून बघितलं नाही. तशीच चुरगळलेली साडी नेसून घरी आले.