वहिनी पिंजऱ्यात उभी राहिली

कोर्टात आरोपी म्हणून उभं राहायच्या दिवशीही वहिनीने सकाळी आधी सासूबाईंची वेणी घातली. त्यांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. अलीकडे त्यांना घटकेपूर्वीचंही आठवत नसे.

"कुठं चाललोय गं आपण?" त्यांनी विचारलं.

"भावजींना भेटायला," वहिनी म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं... कारण तक्रार दिराचीच होती!

नवरा गेल्यापासून तिने आणि दिराने मिळून लाँड्री चालवली होती. लहानपणी ज्याच्या आजारपणात तिने डोळ्यांत तेल घालून जागरणं केली, तोच दीर एके दिवशी वेगळं व्हायचं म्हणून अडून बसला. शब्दाने शब्द वाढला. "जा खुशाल, पाय मोडला तरी बघायला यायची नाही मी," असं ती रागाने बोलून गेली, आणि ते गिऱ्हाइकांनी ऐकलं. थोड्या वेळाने दीर गाठोडं घेऊन माळ्यावरून पाठमोरा उतरू लागला, तर पायाखाली शिडीच नव्हती. पाय मोडला. वहिनीनेच सूड घेतला, असं त्याच्या मनाने घेतलं.

शिडी हलवली होती सासूबाईंनी. वाटेत येते म्हणून ओढत नेऊन भिंतीशी ठेवली, आणि विसरून गेल्या. वहिनीने ते पाहिलं, पण हाक मारेपर्यंत तो कोसळला होता. ही गोष्ट तिने आपल्या वकिलालाही सांगितली नाही. आपल्या हातून पोटच्या पोराचा पाय मोडला, हे त्या माउलीने भर कोर्टात ऐकायचं... त्यापेक्षा तो कलंक आपल्या माथी बरा. आणि हा निश्चय झाल्यापासून तिच्या अंतःकरणात एक अपूर्व शांती नांदत होती.

"तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शिडी मी काढली नाही, साहेब. भावजींचा पाय दुखतो, त्याचं वाईट वाटतं."

"मग कुणी काढली?"

"ते मी सांगणार नाही."

तिच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एक वायरमन शिडीवर चढून पंखा दुरुस्त करत होता. बाकावरच्या सासूबाई एकाएकी उठल्या. "वाटेत ठेवतात मेले, कुणीतरी आपटायचं," असं पुटपुटत त्या शिडी ओढू लागल्या.

"अहो आजी, मी वर आहे!"

वहिनीने धावत जाऊन शिडी धरली, आणि वळून पाहते तो कुबड्यांवर दीर उभा. त्याने आईकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनीने नुसते हात जोडले... बोलू नका.

तो कुबड्या टेकत तिच्याजवळ आला. "वहिनी, तू तुरुंगात गेली असतीस गं."

"धुणंच दिलं असतं तिथंही. येतं मला."

तो हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून वाहू लागले.

कामकाज पुन्हा सुरू होताच तो उठला. "साहेब, मी न बघता पाय टाकला. वहिनीचा काही दोष नाही. माझी तक्रार नाही."

"पण शिडी कुणी काढली?"

"ते मीही सांगणार नाही, साहेब."

न्यायाधीशांनी दोघांकडे पाहिलं, मग बाकावर पेंगणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. वहिनी निर्दोष सुटली.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी लेकाच्या गालावरून हात फिरवला आणि सुनेला फटकारलं, "किती वाळलाय हा. जेवायला घालत नाहीस का गं याला?"

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाली. "चला भावजी, घरी."