सीडीतली विहीर

"पाणी गेलं कुठं?" तन्वी ओरडली.

संध्याकाळी फेस्ताचा, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती सणाचा, कार्यक्रम होता. धूळ बसावी म्हणून टँकरवाल्याने सकाळीच कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, मैदानावर पाणी मारलं होतं. सगळीकडे तांबडा चिखल झाला होता, पण दगडी क्रुसाच्या उत्तरेला एक गोल तुकडा मात्र कोरडा ठणठणीत! अ‍ॅनीने मुद्दाम तिथे बादलीभर पाणी ओतलं. तिघांच्या डोळ्यांदेखत ते गटगट आत गेलं.

"खाली पोकळ आहे," सिडनी हळूच म्हणाला. हा अ‍ॅनीचा मावसभाऊ, मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेला; तन्वी तिची मैत्रीण.

अ‍ॅनी धावत मंडपाशी गेली. तिथे तिचे पप्पा सांतान आणि मंडपाचे कंत्राटदार जितेंद्रशेठ उभे होते. जमीन खालून पोकळ असल्याचं तिने सांगितलं.

"जनरेटरचा ट्रक तिथेच उभा राहणार. तीन वाजता!" जितेंद्रशेठ म्हणाले. "जागा मी नकाशात पक्की केलीय."

"कुठल्या नकाशात?" तिने विचारलं.

"माझ्या डोक्यातल्या!"

"थंय बाव होती, पण ती कुंपणाच्या पलीकडे," पप्पा म्हणाले. "आणि ती विहीर कधीच बुजवली. जावा, खेळा!"

अ‍ॅनीला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. ट्रकच्या आजूबाजूला संध्याकाळी लहान मुलं हुंदडणार होती. एकाएकी तिला लिओनकाकाची आठवण झाली. चार वर्षांपूर्वी वारलेल्या या काकाने पूर्वी या मैदानाचा आराखडा कॉम्प्युटरवर काढला होता. कागदावरची प्रत वाळवीने खाल्ली, पण त्याची पेटी कपेलाशेजारच्या त्यांच्या घरात माळ्यावर होती!

पेटीत एक सीडी सापडली. वर लिहिलं होतं, 'कपेल, १९९९'. तन्वीने बाजारातल्या फोटो स्टुडिओतून सीडी ड्राइव्ह मागून आणला, पण सिडनीचा लॅपटॉप ती फाइल उघडेचना. आराखड्याचा प्रोग्रॅम सीडीतच होता, तोही चालेना.

"हा विंडोज ९८ चा प्रोग्रॅम आहे," सिडनी म्हणाला. "आपला तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता!"

"मग तेव्हाचा कॉम्प्युटर आणायचा कुठून?" तन्वीने विचारलं.

"आणायचा नाही. याच्याच पोटात बनवायचा! व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. लॅपटॉपची थोडी मेमरी, थोडी डिस्क बाजूला काढून द्यायची. जुन्या विंडोजला वाटतं, आपण आपल्याच जुन्या कॉम्प्युटरवर आहोत."

"म्हणजे फसवायचं त्याला!"

"अगदी! फक्त ते जुनं विंडोज हवं."

अ‍ॅनीने पेटी उलटी केली. वह्या, पट्ट्या, पेन्सिली... आणि विंडोज ९८ ची सीडी! कव्हरवर काकाच्या अक्षरात ते विंडोज बसवायला लागणारा लांबलचक नंबर. साडेबारा वाजले होते.

सिडनीने काम सुरू केलं. निळी पट्टी सरकत गेली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि मध्येच अडकलं. पुन्हा केलं, पुन्हा अडकलं. घड्याळात दोन वाजून गेले!

"तू मेमरी किती दिलीस?" अ‍ॅनीने विचारलं.

"चार जीबी! भरपूर!"

"अरे, त्या काळी एवढी कुणाकडे होती? त्याला झेपतच नसेल! कमी कर!"

"कमी केल्यावर कधी कॉम्प्युटर बरा चालतो का?"

"करून तर बघ रे!"

तोंड वाकडं करत सिडनीने मेमरी २५६ एमबीवर आणली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी पट्टी न अडखळता शेवटापर्यंत गेली. हिरवट निळ्या पडद्यावर एकेक चित्र उमटलं!

तेवढ्यात पंखा थांबला. जनरेटरची तार जोडायला मंडपवाल्यांनी लाईट बंद केली होती. चार्जर नुकताच लावला होता; लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्के!

प्रोग्रॅम बसला. सहा टक्के. अ‍ॅनीने फाइल उघडली. पांढऱ्या रेघांत कपेल उमटलं, मग क्रूस, मग कुंपण. कोपऱ्यात काकाचं नाव होतं. अ‍ॅनीने त्यावर हळूच बोट टेकवलं. आणि कुंपणाच्या आत, क्रुसाच्या उत्तरेला, एक वर्तुळ! क्रुसापासून मध्यापर्यंत बावीस फूट, व्यास आठ.

सिडनीने मोबाइलवर फोटो काढला आणि लॅपटॉप बंद पडला. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला.

तिघं जिवाच्या आकांताने पळाली. ट्रक मागे सरकत होता! तन्वी सरळ त्याच्या मागे जाऊन हात पसरून उभी राहिली.

"थांबा! हंय बाव आसा!"

करकचून ब्रेक लागले. चालक गणपतने डोकं बाहेर काढलं. "मराक इलंस काय गो?"

"ए पोरांनो, बाजूला व्हा!" जितेंद्रशेठ धावत आले. "विहीर बुजवलीय म्हणून सांगितलं ना!"

"बुजवताना तुम्ही पाहिलंत?" अ‍ॅनीने विचारलं.

जितेंद्रशेठनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी नकारार्थी मान हलवली.

सिडनी आणि तन्वीने टेप धरली. अठरा फुटांवर विहिरीची कड येत होती. अ‍ॅनीने मंडपवाल्याची पहार उचलली आणि कडेच्या चांगली बाहेर उभी राहिली. पुढे वाकून तिने पहिला घाव घातला. माती उडाली. दुसरा. काहीच नाही. कुणीतरी हसलं. तिचे हात भरून आले होते. तिसरा घाव तिने सगळा जीव एकवटून घातला.

खाली काहीतरी कडकन मोडलं. पहार हातातून निसटली आणि दिसेनाशी झाली.

मग खोल, खूप खोल आवाज आला.

डुब्ब!

"देवा रे!" पप्पांनी अ‍ॅनीला मागे ओढून घट्ट धरलं.

ट्रक पुढे नेल्यावर माणसांनी कमरेला दोर बांधून माती बाजूला केली. विहीर कुणी बुजवली नव्हतीच. फळ्या टाकून वर नुसती माती लोटली होती, आणि त्या फळ्या आता कुजून बिस्किटासारख्या झाल्या होत्या. "चुकलं माझं," एवढंच जितेंद्रशेठ म्हणाले, आणि स्वतः विहिरीभोवती बांबूचं कुंपण घालायला लागले.

संध्याकाळी मंडप मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हलवून सजवला. फादरनी माइकवरून तिघांची नावं घेतली आणि टाळ्या थांबेनात. "लिओन आज होयो होतो," पप्पा हळूच म्हणाले. "मी तुझा ऐकूक होया होता, बाय."

टाळ्या ओसरल्यावर गणपत मागून आला. त्याच्या कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी होती.

"ही दुपारी माझ्या बाजूक गाडीत निजलेली," तो म्हणाला. मग त्याने अ‍ॅनीकडे वळून विचारलं, "तुझा नाव काय गो?"

"अ‍ॅनी."

"अ‍ॅनी," गणपतने मुलीच्या कानात सांगितलं. "म्हण बघू."

मुलगी लाजली, बापाच्या खांद्यात तोंड लपवून हसली, आणि मग अगदी स्पष्ट म्हणाली, "अ‍ॅनी!"