रॅस्मीच्या होडीच्या फळ्या

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या मागे लागत नाही. पण त्या संध्याकाळी किनाऱ्यावर आमचं अख्खं स्कारव्हो गाव हजर होतं आणि आवाज सगळ्यांनी ऐकला. आज विचारलंत तर निम्मे लोक विषय बदलतील.

फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार. आमच्या शेटलंडच्या बेटावरचा आगीचा सण.

हिवाळाभर गावातली माणसं शेडमध्ये खपून वायकिंगांचं लांब गलबत बांधतात. पुढे ड्रॅगनचं रंगीत डोकं लावतात. मग सणाच्या संध्याकाळी शिरस्त्राणं घालून, ढाली आणि मशाली घेऊन ते किनाऱ्यावर ओढत नेतात आणि जाळून टाकतात. एवढं राबून जाळता कशाला, असं बाहेरचे विचारतात. आम्हाला हा प्रश्न कधी पडला नाही.

माझा नवरा रॅस्मी त्याआधीच्या ऑक्टोबरात खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला होता.

होडी उलटी होऊन किनाऱ्याला लागली. तो आला नाही.

देह नाही, म्हणून कबर नाही. मी रडलेही नाही. लोक सूप आणून द्यायचे, मी भांडी धुऊन परत करायचे. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तशी मी आतून झाले होते.

आणि मग ते सुरू झालं...

रॅस्मीची एक सवय होती. समुद्रावरून आला की घरात शिरण्याआधी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, भिंतीवर बूट आपटायचा. वाळू झाडायला. मग दार उघडायचा.

तो गेल्यावर काही दिवसांनी, अंधार पडता पडता...

धप्. धप्.

दार मात्र उघडलं नाही.

मी बाहेर जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोजच.

माझ्या सासूबाई गिर्झी समोर विणत बसलेल्या असायच्या. त्यांच्या सुया क्षणभरही थांबायच्या नाहीत. म्हणजे आवाज माझ्याच डोक्यात आहे, असं मी धरून चालले. तो थांबावा, एवढं एकच मला हवं होतं. दुसरं काही हवंसं वाटतच नव्हतं.

सासरे टॅमी गलबताच्या शेडमधले मुख्य सुतार. जानेवारीत एकदा जेवताना ते म्हणाले, "रॅस्मीच्या होडीच्या फळ्या यंदा गलबतात घालतो. पोराला माती मिळाली नाही, निदान आग तरी मिळू दे."

गिर्झींनी चमचा खाली ठेवला.

"बुडालेला सापडेपर्यंत त्याची होडी कोणी मोडत नाही, टॅमी. तुझ्या बापानंसुद्धा भावाची मोडली नव्हती. तो येणार कशात?"

आमच्याकडे अशा होड्या किनाऱ्यावर तशाच कुजत पडतात. मुलंसुद्धा त्यांत खेळत नाहीत.

"येणार म्हणजे..." टॅमी म्हणाले. मग माझ्याकडे पाहायला लागले. होडी आता माझी होती.

"जाळा," मी म्हणाले.

फळ्या गलबताच्या डाव्या अंगाला बसल्या आणि तेव्हापासून ओल्याच राहिल्या. शेडमध्ये शेगडी पेटलेली असायची. बाकीचं लाकूड ठणठणीत कोरडं. फक्त त्या फळ्यांतून पाणी पाझरायचं, त्यांच्यावर रंग टिकेना. गिबी त्या वर्षीचा यार्ल, म्हणजे मिरवणुकीचा सरदार. तोंडाचा भारी फटकळ.

"टॅमीकाका, तुमच्या गलबताला सर्दी झालीये. त्याच्या गळ्याला मफलर बांधा," तो म्हणाला आणि सगळे हसले. हसता हसता त्यानं एका फळीवरचा थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला...

पुन्हा त्यानं त्या गलबताची थट्टा केली नाही. पाणी खारट होतं.

सणाची संध्याकाळ आली. वारा पडलेला होता. मशाली पेटल्या, बँड वाजला, गलबत वाळूवर आणून उभं केलं. गिबीनं इशारा दिला आणि सगळ्यांनी मशाली आत फेकल्या. मीही फेकली.

ड्रॅगनचं डोकं लगेच पेटलं. डावं अंग पेटेना. फळ्या बराच वेळ नुसत्या चुरचुरत राहिल्या.

मग त्याही पेटल्या.

आम्ही दरवर्षीसारखं निरोपाचं गाणं म्हटलं. ते संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलत नाही, अशी रीत आहे. त्या शांततेत...

कर्र...

मग पाण्याचा आवाज.

पुन्हा... कर्र...

वल्ही होती. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. अंधारातून कोणीतरी आमच्याकडे वल्हवत येत होतं. आणि गावातली प्रत्येक होडी तर वर वाळूत ओढून ठेवलेली होती.

"कोण आहे रे तिकडे?" गिबीनं हाक मारली.

उत्तर आलं नाही. वल्ही मात्र घाईनं पडू लागली. कोणाला उशीर झाल्यासारखी.

गिर्झींना सगळ्यांच्या आधी कळलं. त्यांनी गिबीच्या डोक्यावरचं शिरस्त्राण ओढून काढलं, गुडघाभर पाण्यात शिरून ते भरलं आणि आगीवर ओतलं. "विझवा," त्या म्हणत होत्या. "अरे, विझवा कोणीतरी." टॅमी उघड्या हातांनी फळ्या उपटायला धावले, त्यांना दोघांनी धरून ठेवलं.

मी उभी होते. माझे हात गार पडलेत, एवढंच माझ्या मनात आलं. मला भीती वाटली नाही. हे मला आजही खटकतं.

वल्ही अगदी जवळ आली होती. उजेड संपतो त्याच्या जरासं पलीकडे...

गलबत मधोमध मोडलं. डावं अंग आगीत कोसळलं.

आणि वल्ही थांबली.

माणसांनी लगेच होड्या पाण्यात घातल्या, कंदील घेऊन सगळा किनारा पालथा घातला. काहीच नव्हतं.

घरी आल्यावर मी गिर्झींचे ओले मोजे काढले. त्या शेगडीकडे बघत होत्या.

"रोज यायचा," त्या म्हणाल्या. "भिंतीपर्यंत. तुला ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग जाळा का म्हणालीस?"

"तुमच्या सुया कधी थांबल्या नाहीत, आई. मला वाटलं, मलाच ऐकू येतंय."

त्यांनी माझ्या हातातले मोजे घेऊन शेगडीजवळ वाळत टाकले. मग म्हणाल्या, "मी दचकले तर येणं बंद करेल, असं वाटायचं गं."

ह्याला वर्ष होऊन गेलं. टॅमी शेडकडे फिरकत नाहीत. खिडकीखालचा आवाज त्या दिवसापासून बंद आहे. मला हवं होतं तसंच झालं.

परवा मी किनाऱ्यावरून आले. बुटांना वाळू लागली होती. काही विचार न करता मी खिडकीखाली भिंतीवर बूट आपटले.

आत सुयांचा आवाज थांबला.

खुर्ची सरकली. मी हात लावायच्या आत दार उघडलं. गिर्झी माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे, समुद्राकडे बघत होत्या.

"तूच का," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिथे बूट आपटते. वाळू लागलेली असो वा नसो. आणि आत जाण्याआधी थोडी थांबते...

समुद्राकडून काही येत नाही.