श्यामरावांचे माइल्स

दुपारचा चहा झाला तशी केतकीने लॅपटॉप उघडला. कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमध्ये आयटीत नोकरी करणारी ही नात बुधवारी घरूनच काम करायची. वृंदाताई चष्मा पुसून तिच्या शेजारी बसल्या. त्यांना पुण्याला जायचं होतं, धाकट्या बहिणीकडे, सुलभाकडे, आणि आता कायमचं. भावंडांत दोघीच उरल्या होत्या. सुलभाचं हृदय थकलं होतं. रोज फोनवर एकच विचारायची, "येतेस ना गं?"

विमानाचं तिकीट नवऱ्याच्या, श्यामरावांच्या, माइल्सवर काढायचं, हा वृंदाताईंचा हट्ट. बँकेतून निवृत्त झाल्यावर श्यामराव सल्लागार म्हणून विमानाने हिंडले आणि दर प्रवासाला कंपनीकडून मिळणारे हे माइल्स पुढच्या तिकिटांसाठी साठवत राहिले. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. पण विमान कंपनीला कोणी कळवलं नव्हतं. कळवलं तर माइल्स बुडतील म्हणून. बाकी सगळ्या कागदांवरून नाव कमी झालं. या एका ठिकाणी घरच्यांनी त्यांना हयात ठेवलं होतं.

"आजी, मागे कमी पडत होते ना? आता पुरतायत."

"वाढले कसे?"

"आजोबांच्या मेंबर नंबरवर कोणीतरी विमानाने फिरतंय. हे बघ."

नागपूर ते इंदूर. इंदूर ते पाटणा. पाटणा ते गुवाहाटी. गुवाहाटी ते कोलकाता, गेल्याच महिन्यात.

वृंदाताईंनी यादी दोनदा वाचली. खाली मासेवाला सायकलची घंटी वाजवत गेला.

"या आमच्या बदल्या आहेत," त्या म्हणाल्या. "याच क्रमाने. तेव्हा विमान कुठलं? ट्रंक घेऊन रेल्वेने जायचे हे. आधी एकटेच. हजर व्हायचे, घर बघायचे, मग पत्र यायचं, आता निघ."

केतकी हसायला गेली, पण हसली नाही. "सिस्टिमचा घोळ असेल. करू ना बुक?"

"पुण्याचंच कर. नीट बघून."

"पुणेच टाकलंय. शुक्रवार सकाळ."

तिने बटण दाबलं. पडद्यावर चाक फिरत राहिलं. पंख्याची करकर अचानक फार मोठी वाटू लागली.

माइल्स शून्यावर आले. पण यादीत वर एक नवी ओळ उमटली होती. प्रवासी श्यामराव. कोलकात्याहून, कालच्या तारखेला. पुढे शहराच्या जागी कोरं. शेवटी शेरा: पोहोचले.

मग तिकीट आलं. प्रवासी वृंदा. कोलकात्याहून, शुक्रवारी.

पुढे कोरं.

केतकीने पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा एकदा.

"कुठे जायचं ते छापलंच नाहीये, आजी. खिडकीची जागा मात्र दिलीय." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी रद्द करते."

"होईल?"

रद्द करायचं बटण कुठेच नव्हतं.

टेबलावरचा फोन वाजू लागला. पुण्याहून सुलभा. वृंदाताई पडद्यावरच्या त्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिल्या, ओळखीचं अक्षर वाचावं तशा.

"तू घे," त्या शांतपणे म्हणाल्या. "सांग तिला, माझ्यासाठी खोली आवरू नकोस."