मढं खाणाऱ्यांच्या मागावर

डोंगरात कुणी शिखरासाठी जातं, कुणी औषधी मुळ्यांसाठी, कुणी घरात भांडण झालं म्हणूनही जातं. हे तिघे निघाले होते किड्यांसाठी. मेलेल्या जनावराचं वाळलेलं मांस खाणारे, तांदळाच्या दाण्याएवढे काळे किडे. आणि तेही जिवंत हवे होते.

हवे होते ते हाडवालीला. संग्रहालयाच्या तळघरात ती जनावरांचे सांगाडे साफ करून मांडायची, म्हणून सगळे तिला हाडवालीच म्हणत. साफसफाईचं खरं काम मात्र किडे करत. काचेच्या पेटीत वटवाघूळ ठेवलं की थोड्याच दिवसांत नुसती हाडं उरत, आणि त्यांतलं एकही जागचं हललेलं नसे. पण सासूच्या आजारपणात ती रजेवर गेली आणि कुणा उत्साही माणसाने झुरळं मारायला तळघरात औषध फवारलं. झुरळं वाचली. किडे झाडून सगळे मेले.

नेमकी तेव्हाच नदीकाठी एक डॉल्फिन मादी मरून पडलेली सापडली. नदीच्या तळाचा खडक फोडायला तिथे रोज सुरुंग लावत होते. डॉल्फिन आवाजावर वाट काढते. कान फुटला की तिला काठ कुठे नि पाणी कुठे हे कळत नाही. सुरुंगवाले म्हणत, म्हातारपणाने मेली असेल. खरं काय ते तिच्या कानाचं हाड सांगणार होतं. पण ते उकळून साफ करायला जावं तर तडकायचं, मग भेग सुरुंगाची की पातेल्याची हे कुणी सांगावं? दुसऱ्या संग्रहालयाकडून किडे मागवण्याचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. सुरुंग रोज उडत होते आणि नदीत आता मोजक्याच डॉल्फिन उरल्या होत्या.

म्हणून ही मोहीम. सोबत हाडवालीचा धाकटा दीर होता. जीप त्याची असल्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नव्हतं. आणि एक वाटाड्या होता, डोंगरात मेंढ्या राखून म्हातारा झालेला. मढं शोधणं अगदी सोपं, असं त्याचं म्हणणं. गिधाडं घिरट्या घालतील तिथे जायचं.

गिधाडं दिसली. घसरत्या मुरुमावरून अर्धा दिवस चढून तिघे धापा टाकत वर पोचले. रानबकऱ्याचं मढं लालभडक होतं. गिधाडं त्यात मानेपर्यंत घुसून ओढाताण करत होती आणि पाहुण्यांकडे बघायलाही त्यांना फुरसत नव्हती. वाटाड्याची छाती फुगली. हाडवाली मात्र दगडावर मटकन बसली. तिला ताजं मढं नको होतं! गिधाडं जेवून जातात, मग कोल्हे येतात, मग माश्या. मांस वाळून हाडांना चिकटलं की तिचे किडे शेवटच्या पंगतीला येतात. हे तिने खाली असतानाच सांगायला हवं होतं, असं दीर म्हणाला. तिलाही ते पटलं.

आता शोध सुरू झाला तो गिधाडं नसतील अशा जागेचा. घळीपलीकडे काही खडक त्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले होते आणि वर आभाळ मोकळं होतं. म्हणजे तिथली जेवणं उरकली होती! दोर बांधून ते घळीत उतरले. तळच्या ओढ्याला ओढ जबरदस्त होती. मधोमध दिराचा पाय सुटला आणि तो कमरेच्या दोरावर माशासारखा लोंबकळला. त्याला ओढून काढेपर्यंत दोघांच्या नाकी नऊ आले. पण पलीकडच्या खोबणीत रानबैलाचं मढं पडलेलं होतं. कातडं कडक झालेलं. हाडवालीने ते उचकटलं आणि कान लावला. आतून बारीक कुरकुर ऐकू आली. किडे! शेकडो किडे!

तिने मांसाच्या तुकड्यांसकट पत्र्याचा डबा भरून घेतला, वर किड्यांना शिदोरी म्हणून आणखी एक मोठा तुकडा पिशवीत टाकला आणि तिथेच बसून बिस्किटं खाल्ली. बाकीचे दोघे नाकाला फडकं बांधून लांब उभे होते. इतक्या वर्षांच्या कामात तिचं नाक केव्हाच मेलं होतं. मुक्कामाला डबा आणि पिशवी तिने तंबूत उशाशी घेतली. दीर कुडकुडत बाहेर झोपला. डोंगरात आपल्याखेरीज आणखीही नाकं आहेत, असं वाटाड्या कुरकुरला. तिने ते हसण्यावारी नेलं.

सकाळी परतीच्या वाटेवर कड्याची अरुंद पट्टी लागली, जेमतेम एका माणसाची. वाटाड्या पुढे जाऊन उतरणीचा दोर बांधू लागला.

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "मागे बघू नका."

तिने बघितलं. अस्वल!

त्याला राग आलेला नव्हता. त्याला फक्त भूक होती आणि वास सरळ तिच्या पाठीवरून येत होता. तिने पिशवीतला तुकडा भिरकावला. अस्वलाने तो दोन घासांत संपवला. पुन्हा पुढे आलं. दोर बांधून खाली उतरलेला वाटाड्या ओरडला, डबा टाक! पट्टी थरथरली, दगड सुटून खाली गेले. चूक कुणाची हे तिला आता लख्ख कळलं होतं. तिने झाकण काढलं. आत हात घातला. मूठभर किडे लोकरी टोपीत कोंबले, गाठ मारली आणि डबा अस्वलापुढे फेकला! अस्वल थांबलं. डब्यात त्याने तोंड घातलं.

"भाऊजी, उतरा!"

दोर हाताला भाजत होता. दोघे घसरले, आपटले, पण खाली पोचले. वर पत्र्याचा खडखडाट बराच वेळ चालू होता.

टोपीत थोडेच किडे उरले होते आणि भुकेने ते एकमेकांनाच खाऊ लागले असते. तिने दिराकडे त्याच्या चामडी बुटाची जीभ मागितली.

"अस्वलाच्या तोंडातून सुटलो," तो म्हणाला, "आणि आता किड्यांना पोसायचं?" पण बूट काढून दिला.

एवढ्याशा किड्यांना अख्खी डॉल्फिन झेपणार नव्हती. तिचा पूर्ण सांगाडा दालनात टांगायचा, हे हाडवालीचं स्वप्न होतं. तिने ते सोडून दिलं. वाईट वाटलं, फार वाटलं. मग संग्रहालयात परतल्यावर तिने बर्फात ठेवलेल्या डॉल्फिनचा नुसता कानाचा भाग कापून घेतला, वाळवला आणि किड्यांच्या पेटीत ठेवला. बाकीचं धूड मागच्या अंगणात पुरलं.

किड्यांनी घाई केली नाही. ती रोज येऊन बघायची आणि परत जायची. अखेर एका दुपारी ते हाड तिच्या तळहातावर आलं, सुपारीएवढं, स्वच्छ. तिने भिंगाखाली धरलं. कडेने केसासारखी भेग गेलेली होती. आणि भेगेच्या आत, खोलवर, वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ होती. मेलेल्याच्या हाडात रक्त असं झिरपत नाही.

संचालक, सुरुंगांचा अभियंता आणि त्याचा वकील टेबलाभोवती जमले. अभियंत्याने भिंगातून बघितलं आणि भेग साफ करताना पडली असणार, असं सांगितलं.

"नाही," हाडवाली म्हणाली. "ही पडली तेव्हा ती जिवंत होती."