ध्वनिमुद्रण, हमीद

सदाशिव पेठेतल्या एका शिक्षणसंस्थेत रेडिओवरचे कार्यक्रम टेपवर उतरवून ठेवायची खोली होती. बातम्या, शेतीची माहिती, भाषणं, विद्यार्थ्यांच्या कामी येईल ते सगळं. हे काम हमीद करायचा. तो गेल्यावर अनुकंपेवर त्याची खुर्ची बायकोला, शकीलाला मिळाली. लोक म्हणाले, नशीब काढलं. शकीलाला त्याचं काही वाटलं नाही. तेव्हा तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

खोलीची एक रीत होती. लेबलं उन्हाळ्यात सुटून पडतात, म्हणून टेप सुरू झाली की आधी माइकवर तारीख, कार्यक्रम आणि आपलं नाव सांगायचं. दुसरी रीत काटकसरीची. वर्ष उलटलं की टेप चुंबकाच्या यंत्रावर फिरवून पुसायची आणि पुन्हा वापरायची.

हमीदचा आवाज जगात तेवढाच उरला होता. आधी घसा खाकरणं, मग "ध्वनिमुद्रण, हमीद." बिबवेवाडीच्या घरी त्याच्या आईने, अमिनाबीने, एकच धोशा लावला होता: पोराचा आवाज एकदा ऐकव. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तिला फोटोचा काय उपयोग! शकीलाने कबूल केलं होतं. पण त्या मोठ्या चकत्या वाजवायचं यंत्र संस्थेतच, आणि म्हातारीला तिथवर न्यायचं आज-उद्यावर जात राहिलं. तेवढ्यात पुसायची पाळी आली. एक टेप तरी राहू द्या, असं तिने कार्यालयप्रमुख श्रीनिवासरावांना विनवलं.

"बाई, आपण बातम्या जपतो," फायलीतून मान वर न करता ते म्हणाले. "माणसं जपायला संस्थेकडे कपाट नाही."

तिने सगळ्या टेपा पुसल्या. हात आपले चालत राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी होती. शकीलाने तारीख सांगितली, नाव सांगितलं, बातम्या उतरवल्या आणि रिवाजाप्रमाणे टेप मागे नेऊन ऐकली.

आधी कोणीतरी घसा खाकरला. मग हमीदच्या आवाजात आजची तारीख आली. त्याच आवाजात, सावकाश, "ध्वनिमुद्रण, शकीला."

टेप नीट पुसली गेली नसेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण जुन्या टेपेवर आजची तारीख कुठून येणार? तिने कपाटातली कोरी टेप फोडली, परत नाव सांगितलं. परत हमीदच बोलला.

तिला आनंद व्हायला हवा होता. मनात आलं ते एवढंच, की म्हातारीला दिलेला शब्द आता पाळता येईल. तिने संस्थेत त्याच दिवशी नवा आलेला छोटा कॅसेट टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि त्यात दोन वाक्यं बोलून ठेवली. मग यंत्रं बंद केली आणि अम्मींना आधी काय सांगायचं ते स्वतःशीच पुटपुटत पिशवी भरली.

दारात दत्तोबा शिपाई किल्ल्या घेऊन उभा होता. तिच्या खांद्यावरून तो आत डोकावला.

"बाई, आत कोण पुरुषमाणूस बोलत होतं?"

शकीलाने पिशवीतल्या टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवलं आणि जिना उतरली. बसमध्ये ती कोणाशी बोलली नाही. कंडक्टरला सुटे पैसे दिले, त्याने न विचारता तिकीट फाडलं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. अमिनाबी खाटेवर तसबीह ओढत बसली होती. शकीलाने टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला. बटण अजून दाबलं नव्हतं.

"अम्मी, चहा टाकू?"

म्हातारीची बोटं मण्यावर थांबली. तोंड आवाजाच्या दिशेने वळलं आणि हळूहळू हसू फुटलं.

"हमीद, आलास बाबा? दार नुसतं लोटून ठेव. शकीला अजून यायची आहे."

मी शकीलाच आहे, असं सांगायला तिने तोंड उघडलं.

आणि आधी घसा खाकरला.